सखारामांचा शोध

दोन नोव्हेंबर जवळ आला होता. या दिवशी आपल्या देशात सुट्टी असते. मजुरीचा करार करून भारतातून मॉरिशसला आलेल्या पूर्वजांची त्या दिवशी आठवण केली जाते.

मराठीच्या तासाला गुरुजी म्हणाले, "मुलांनो, तुमच्या घराण्यातील कोण सर्वांत आधी मॉरिशसला आले? केव्हा आले? कोठून आले? ही माहिती मिळवा आणि एका मोठ्या कागदावर लिहून आणा. सुट्टीच्या आदल्या दिवशी आपण ती सर्वांसमोर वाचू. मग ते कागद शाळेच्या भिंतीवर लावू."

स्मिताला फार आनंद झाला. तिचे आडनाव सखाराम. मॉरिशसमध्ये पुष्कळ मराठी घराण्यांत मूळ पुरुषाचे नावच पुढे आडनाव झाले आहे. स्मिताच्या घराण्याचे मूळ पुरुष म्हणजे सखाराम. ते तिच्या आजोबांचे पणजोबा.

घरी येताच स्मिताने दप्तर ठेवले आणि ती संगणकापुढे बसली. तिने शोधाच्या चौकटीत लिहिले, 'भारतीय मजूर मॉरिशसला केव्हा आले?' क्षणात उत्तर आले. पडद्यावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत ते झळकत होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात आले, असे तेथे लिहिले होते.

"मिळाले!" स्मिता ओरडली. तिने वहीत लिहिले, 'आमचे पूर्वज सखाराम २ नोव्हेंबर १८३४ रोजी अ‍ॅटलास जहाजातून मॉरिशसला आले.'

दुसऱ्या दिवशी तिने वही गुरुजींना दाखवली. गुरुजींनी ते वाक्य वाचले. "स्मिता, हे अ‍ॅटलास जहाज कोठून निघाले होते?" त्यांनी विचारले.

"ते मी पाहिले नाही, गुरुजी."

"मग पाहून ये. आणि सखाराम कोणत्या बंदरातून निघाले, ते आजोबांना विचार."

संध्याकाळी स्मिताने पुन्हा शोध घेतला. या वेळी तिने वरच्या दोन ओळी वाचून थांबायचे नाही, असे ठरवले. तिने आप्रवासी घाटाविषयीचे पान उघडले आणि सावकाश वाचले. अ‍ॅटलास जहाज कलकत्त्याहून आले होते. मग ती आजोबांकडे गेली.

आजोबा ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, "कलकत्ता? छे! आमचे सखाराम मुंबई बंदरातून निघाले. माझी आजी नेहमी सांगायची. त्यांचे गाव समुद्राच्या काठी होते, असेही ती म्हणायची."

स्मिता गोंधळली. दुसऱ्या दिवशी तिने गुरुजींना विचारले, "गुरुजी, मग संगणकाचे उत्तर चुकीचे होते का?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "उत्तर खरे आहे. पण ते तुझ्या प्रश्नाचे उत्तर नाही. मजूर केव्हापासून येऊ लागले, हे तू विचारलेस. सखाराम केव्हा आले, हे तू विचारलेच नाहीस. १८३४ नंतर सुमारे ८५ वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसे भारतातून येथे आली. सगळी काही एकाच जहाजातून आली नाहीत."

वर्गात हशा पिकला. स्मिताही हसली. तिने वहीतील ते वाक्य खोडले.

रविवारी स्मिताचा आतेभाऊ प्रणव घरी आला. तो माध्यमिक शाळेत शिकत होता. "तू नाव घालून शोध की!" तो म्हणाला. दोघांनी मिळून 'सखाराम, मुंबई, मॉरिशस' असे लिहिले. पडद्यावर पुष्कळ पाने आली. त्यांतील एका पानावर एका माणसाचा जुना फोटो होता. डोक्याला फेटा, भरघोस मिशा, करारी डोळे. फोटोखाली लिहिले होते, 'सखाराम, जिल्हा सातारा. १८५६ साली मॉरिशसला आले.'

"हेच आपले सखाराम!" प्रणव म्हणाला. "नाक बघ. अगदी आजोबांचे नाक!"

स्मितालाही तसेच वाटू लागले. आणखी दोन पानांवर हीच माहिती होती. "तीन ठिकाणी एकच गोष्ट लिहिली आहे. आता तर शंकाच नको," प्रणव म्हणाला. त्याने फोटो छापून काढला. आईने तो कौतुकाने पाहिला. बाबा म्हणाले, "याला चौकट करून घेऊ या. देवघराशेजारच्या भिंतीवर लावू."

आजोबांनी फोटो हातात घेतला. ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "सातारा समुद्राच्या काठी आहे का ग?"

स्मिताने भूगोलाच्या पुस्तकातील नकाशा उघडला. सातारा समुद्रापासून दूर होते. मध्ये सह्याद्रीचे डोंगर होते. ती काहीच बोलली नाही. पण फोटो भिंतीवर लावण्याची घाई कोणी केली नाही.

सोमवारी तिने तो फोटो शाळेत नेला. गुरुजींनी तिला संगणकापाशी बसवले. "आपण या पानाला चार प्रश्न विचारू," ते म्हणाले. त्यांनी फळ्यावर लिहिले :

१. हे कोणी लिहिले?
२. कशावरून लिहिले?
३. केव्हा लिहिले?
४. दुसरा कोणी स्वतंत्रपणे हेच सांगतो का?

स्मिताने पान वरपासून खालपर्यंत वाचले. लिहिणाऱ्याचे नाव नव्हते. माहिती कोणत्या नोंदवहीतून किंवा पुस्तकातून घेतली, तेही लिहिले नव्हते. तारीखही नव्हती.

"पण गुरुजी, आणखी दोन पानांवर हेच आहे," ती म्हणाली.

"ती दोन्ही पाने वाच पाहू."

स्मिताने मोठ्याने वाचली. दोन्हींत तीच वाक्ये होती. पहिल्या पानावर 'जिल्हा' हा शब्द चुकून 'जिह्ला' असा छापला गेला होता. तीच चूक दुसऱ्या पानावर होती आणि तिसऱ्यावरही होती!

"म्हणजे यांनी एकमेकांचे पाहून लिहिले!" स्मिता म्हणाली.

"बरोबर! समज, परीक्षेत तिघा मुलांनी एकाच मुलाचे उत्तर उतरवले. ते उत्तर चुकले, तर तिघांचेही चुकेल. एका पानाच्या तीन प्रती म्हणजे तीन साक्षीदार नव्हेत."

मग गुरुजींनी त्या फोटोचाच शोध घ्यायला सांगितले. तोच फोटो आणखी एका पानावर निघाला. तेथे त्या माणसाचे नाव वेगळे होते आणि गावही वेगळे होते. फोटो एकच, पण माणसे दोन!

स्मिताचा चेहरा उतरला. "म्हणजे हे आमचे सखाराम नाहीत का?"

"नाहीत, असे मी म्हणत नाही," गुरुजी म्हणाले. "आहेत, असे म्हणायला आपल्याजवळ आधार नाही. सखाराम नावाची पुष्कळ माणसे आली असतील. तुमचे सखाराम कोणते, हे कशावरून ओळखायचे? प्रत्येक मजूर येथे उतरला, की त्याला एक क्रमांक मिळे. नावे सारखी असली, तरी दोघांचा क्रमांक एक नसे. घरात एखादा जुना कागद आहे का, ते विचार."

स्मिता धावतच घरी गेली. "आजोबा, आपल्याकडे सखारामांचा एखादा कागद आहे का? क्रमांक असलेला?"

आजोबांनी खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. त्यात आजीचे लुगडे होते, एक जुनी पोथी होती आणि तळाशी कापडात गुंडाळलेला एक कागद होता. तो पिवळा पडला होता. घडीवर चिरला होता. एका कोपऱ्यात फोटो चिकटवलेला असावा. पण तेवढाच भाग फाटून गेला होता.

"हा त्यांचा परवाना," आजोबा म्हणाले. "त्या काळी मजुरांना असा कागद जवळ बाळगावा लागे. तो नसला, तर शिपाई धरून नेत. म्हणून सखाराम याला जिवापलीकडे जपत, असे माझी आजी सांगायची."

शाई फिकट झाली होती. स्मिताने कागद उजेडात धरला. एक सहा आकडी क्रमांक हळूहळू दिसू लागला. त्याचे शेवटचे तीन अंक होते ५२७.

पुढच्या शनिवारी गुरुजींच्या सांगण्यावरून बाबा, आजोबा आणि स्मिता मोक्याला गेले. तेथे महात्मा गांधी संस्था आहे. भारतातून आलेल्या मजुरांच्या जुन्या नोंदवह्या त्या संस्थेत जपून ठेवल्या आहेत. मजुराचे नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, गाव, जहाज आणि येण्याची तारीख अशी माहिती त्या वह्यांत लिहिलेली असे. बाबांनी अर्ज भरला. स्मिताने त्यावर क्रमांक लिहिला. चूक होऊ नये म्हणून तिने तो दोनदा वाचून पाहिला.

काही दिवसांनी त्यांना पुन्हा बोलावणे आले. तेथील बाईंनी एक कागद समोर ठेवला. त्यावर नोंदवहीतील माहिती उतरवली होती.

"नाव सुकाराम," बाईंनी वाचले.

"सुकाराम? आमचे तर सखाराम!" स्मिता म्हणाली.

बाई हसल्या. "त्या वेळच्या कारकुनांना मराठी येत नसे. कानाला जसे ऐकू येई, तसे ते इंग्रजी अक्षरांत लिहीत. म्हणून एकच नाव कधी सखाराम, कधी सकाराम, तर कधी सुकाराम होई. नुसत्या नावाने शोधले असते, तर ही नोंद सापडली नसती. क्रमांक मात्र तोच आहे. पुढे ऐका. वय २२ वर्षे. जिल्हा रत्नागिरी. मुंबईहून आले. साल १८६१."

"रत्नागिरी!" आजोबा एकदम म्हणाले. "म्हणजे समुद्राच्या काठचा मुलूख! आजीचे म्हणणे खरे होते."

"तुमची आठवण आणि ही नोंद, दोन्ही जुळतात," बाई म्हणाल्या. "दोन्ही वेगवेगळ्या वाटेने आल्या आहेत. आजीने वही पाहिली नव्हती आणि कारकुनाने आजीला विचारले नव्हते. म्हणून या माहितीवर भरवसा ठेवता येतो."

आजोबा समाधानाने म्हणाले, "बिचारे एकटेच आले परक्या देशात."

"आजोबा, ते एकटे आले नसावेत," बाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी दुसरा कागद पुढे केला. "मी पुढचा क्रमांकही पाहिला. ५२८. नाव बाळू. वय १० वर्षे. जहाज तेच, गाव तेच आणि वडिलांचे नावही तेच. हा बहुधा सखारामांचा धाकटा भाऊ असावा."

कोणीच काही बोलले नाही. आजोबांनी चष्मा काढून पुसला. "बाळू," ते पुटपुटले. "हे नाव आमच्या घरात मी कधीच ऐकले नाही."

"पुढे त्याचे काय झाले?" स्मिताने विचारले.

"या नोंदीवरून ते कळत नाही," बाई म्हणाल्या. "शोधावे लागेल."

परत येताना ते पोर्ट लुईला उतरले. आजोबांना आप्रवासी घाट पाहायचा होता. २००६ साली या घाटाला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली आहे. घाटाच्या सोळा पायऱ्यांसमोर तिघे उभे राहिले. स्मिताच्या मनात आले, याच जागी सखारामांनी बाळूचा हात घट्ट धरला असेल. लगेच ती मनाशीच म्हणाली, 'हे मात्र मला वाटते. याची नोंद नाही.'

घरी आल्यावर तिने नवा कागद घेतला. त्याचे तिने तीन भाग केले. पहिल्या भागात लिहिले, 'खात्रीने माहीत आहे.' त्याखाली सखारामांचा क्रमांक, वय, जिल्हा आणि साल लिहिले. ही माहिती कोठून मिळाली, तेही लिहिले. दुसऱ्या भागात लिहिले, 'बहुधा असे असावे.' त्याखाली लिहिले, 'बाळू हा सखारामांचा धाकटा भाऊ असावा. कारण दोघांच्या वडिलांचे नाव, गाव आणि जहाज एकच आहे.' तिसऱ्या भागात लिहिले, 'अजून माहीत नाही.' त्याखाली दोन ओळी लिहिल्या, 'सखाराम दिसायला कसे होते? बाळूचे पुढे काय झाले?'

प्रणव म्हणाला, "फोटो नाही लावणार? फेटेवाले आजोबा कागदावर छान दिसले असते."

"छान दिसले असते," स्मिता म्हणाली, "पण ते दुसऱ्या कोणाचे तरी आजोबा असतील. त्यांच्या घरचे त्यांना शोधत असतील."

तिने फोटोच्या जागी एक रिकामी चौकट काढली.

सुट्टीच्या आदल्या दिवशी स्मिताने आपला कागद सर्वांसमोर वाचला. शेवटी बाळूचे नाव आले, तेव्हा वर्ग अगदी शांत झाला. गुरुजींनी विचारले, "स्मिता, आता यापुढे तू संगणकावर माहिती शोधणार नाहीस ना?"

"शोधणार, गुरुजी," स्मिता म्हणाली. "संगणकामुळेच मला अ‍ॅटलास जहाज समजले. मोक्याला कसे जायचे, तेही मी संगणकावरच पाहिले. पण शोधाच्या चौकटीत जे पहिले येईल, ते वहीत उतरवणार नाही. आधी चार प्रश्न विचारीन."

गुरुजींनी तिचा कागद भिंतीवर लावला. संध्याकाळी आजोबांनी पेटीतला परवाना पुन्हा कापडात गुंडाळला. त्याच्यासोबत त्यांनी बाळूच्या नोंदीचा कागदही ठेवला.

शब्दार्थ

करार - दोघांनी मान्य केलेल्या अटींचा लेख
पूर्वज - आपल्या घराण्यात पूर्वी होऊन गेलेली माणसे
मूळ पुरुष - ज्याच्यापासून घराणे सुरू झाले तो
परवाना - परवानगीचा कागद
नोंदवही - माहिती लिहून ठेवण्याची वही
साक्षीदार - घडलेली गोष्ट स्वतः पाहून सांगणारा
मुलूख - प्रदेश
बहुधा - पुष्कळ करून

वाक्प्रचार

हशा पिकणे - सर्वांनी एकदम हसणे
चेहरा उतरणे - निराश होणे
जिवापलीकडे जपणे - फार काळजीने सांभाळणे
भरवसा ठेवणे - विश्वास ठेवणे

लक्षात ठेवा

संगणकावर शोध घेतला, की पडद्यावर पुष्कळ पाने येतात. सर्वांत वरचे पान सर्वांत खरे असते, असे नाही. संगणक आपल्या शब्दांशी जुळणारी पाने शोधून आणतो. कधी कधी तो अनेक पानांतील मजकूर एकत्र करून स्वतःच उत्तर तयार करतो. ते उत्तर नीटनेटके दिसते. पण त्यातही चूक असू शकते. म्हणून मूळ पान उघडावे, ते पूर्ण वाचावे आणि दुसरीकडे पडताळून पाहावे.

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सखाराम हे स्मिताच्या आजोबांचे कोण होते?
(आ) अ‍ॅटलास जहाज कोठून आले होते?
(इ) जुना परवाना कोठे ठेवला होता?
(ई) मजुरांच्या नोंदवह्या कोणत्या संस्थेत आहेत?

प्रश्न २. का ते सांगा.
(अ) स्मिताने वहीतील पहिले वाक्य खोडले.
(आ) तीन पानांवरची माहिती सारखी असूनही गुरुजींना ती पटली नाही.
(इ) नुसत्या नावाने शोधून सखारामांची नोंद सापडली नसती.
(ई) स्मिताने फोटोच्या जागी रिकामी चौकट काढली.

प्रश्न ३. कोण, कोणाला म्हणाले?
(अ) "सातारा समुद्राच्या काठी आहे का ग?"
(आ) "उत्तर खरे आहे. पण ते तुझ्या प्रश्नाचे उत्तर नाही."
(इ) "पण ते दुसऱ्या कोणाचे तरी आजोबा असतील."

प्रश्न ४. पुढील वाक्ये 'खात्रीने माहीत आहे', 'बहुधा असे असावे' आणि 'अजून माहीत नाही' यांपैकी कोणत्या भागात येतील?
(अ) सखाराम १८६१ साली मॉरिशसला आले.
(आ) बाळू पुढे कोठे राहिला?
(इ) बाळू हा सखारामांचा धाकटा भाऊ होता.

प्रश्न ५. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
आजीची आठवण आणि नोंदवहीतील माहिती जुळली. म्हणून त्या माहितीवर भरवसा ठेवता येतो, असे बाई का म्हणाल्या?

प्रश्न ६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
हशा पिकणे, चेहरा उतरणे, भरवसा ठेवणे

उपक्रम

तुमच्या गावाच्या नावाविषयी संगणकावर माहिती शोधा. त्या माहितीला गुरुजींचे चार प्रश्न विचारा. मग घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला तेच विचारा. दोन्ही माहिती जुळते का, ते वहीत लिहा. जुळली नाही, तर काय काय वेगळे आहे, तेही लिहा.